मोठा अर्धा

गोळीच्या मधोमध एक रेघ असते.
डॉक्टरांनी दुप्पट ताकदीची लिहून दिली,
म्हणाल्या, वर्ना, रेघेवर कापून अर्धी अर्धी घे,
शंभराची आणि पन्नासाची
दुकानात एकाच भावाला मिळते.
मला हे कळायला अकरा महिने लागले,
आणि मी बावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात
चारशे मुलांच्या बटाट्यांचा हिशेब ठेवते.

तर रविवारी रात्री, भांडी झाल्यावर,
मी कापायला बसते.
प्लास्टिकची डबी, आत एक पातं.
झाकण दाबलं की कट्.
दोन तुकडे कधीच सारखे होत नाहीत.
एक जरा थोराड, एक किरटा,
आणि चिमूटभर भुकटी, ती मी बोटानं टिपून घेते
जशी आई पावाचा चुरा टिपायची.
थोराड तुकडा सोमवारच्या खणात.
किरटा शनिवारच्या, कारण शनिवारी बहीण येते
आणि आम्ही पत्ते खेळतो.
डॉक्टर म्हणतात, एवढ्यानं काही फरक पडत नाही.
नसेल.
तरी सोमवार तो सोमवार.

एकदा एक तुकडा उडून फ्रिजखाली गेला.
ईरीतला जानेवारी, बाहेर कमरेएवढं बर्फ,
आणि मी पोटावर पालथी, हातात फूटपट्टी,
एकोणसाठ वर्षांची बाई,
पाच सेंटांच्या धीरासाठी.
निघालं काय, तर एक सुकलेला वाटाणा,
पंचवीस सेंटांचं नाणं,
आणि तो.
फायदाच झाला म्हणायचा.

आधी मी कोपऱ्यावरच्या दुकानात जायचे.
विम्याचं कार्ड पुढे, मान खाली.
सत्तेचाळीस डॉलर महिन्याला,
निळी, लांबट, जाहिरातीतली गोळी.
मग पुलापलीकडच्या दुकानातले ग्रॅबोव्स्की
काउंटरवरून वाकून म्हणाले,
चर्चमध्ये पाप कबूल करावं अशा आवाजात,
"कार्ड आत ठेवा. रोखीनं किती, ते विचारा."
नऊ डॉलर. नव्वद गोळ्यांचे.
पांढरी, गोल, बिननावाची.
आठवडाभर मी तिच्याकडे संशयानं पाहिलं.
पण माझ्या आत जे बसून असतं
त्यालाही कधी कुणी नाव ठेवलं नव्हतं,
नावं मात्र बरीच ठेवली होती.
दोघांचं जमलं.

कॅसिमिरनं किंमत कधी विचारली नाही.
माझा धाकटा भाऊ. नोव्हेंबरात कारखाना बंद,
कारखान्याबरोबर विमा,
विम्याबरोबर बाटली.
त्यानं कुणाला सांगितलं नाही.
"पैसे वाचवतोय," एवढंच म्हणाला एकदा,
आणि आम्हाला वाटलं, बरं चाललंय,
माणूस पुढचा विचार करतोय.
मार्चमध्ये त्याचे कपडे आमच्याकडे दिले, एका पिशवीत.
कोटाच्या खिशात बासष्ट डॉलर होते.
मी हिशेबाची बाई.
हा हिशेब मी अर्ध्यावर सोडते.

म्हणून आता मी मोठ्यानं विचारते.
औषधाचं नाव, ताकद, नग, रोखीचा भाव,
मागे रांग असली तरी. रांग असली तर जास्तच.
बहीण म्हणते, जरा हळू बोल की गं.
वाचलेल्या पैशांतून गाडीला नवे वायपर घेतले
आणि बहिणीला न सांगता एक चॉकलेट केक,
तो मी एकटीनं उभ्या उभ्या खाल्ला.

परवा मागे एक पोरगा होता, गोदीचं जाकीट,
नखांत वंगण, हातात चुरगळलेली चिठ्ठी.
माझं झालं तरी मी पाकीट शोधत रेंगाळले.
त्याला भाव सांगितला.
तो खोकल्याच्या गोळ्यांच्या मांडणीकडे बघत राहिला.
मग चिठ्ठी घडी करून पुन्हा खिशात घालायला लागला.

"थांब," मी म्हटलं, "कार्डावरचा भाव सांगितलाय तुला.
रोखीचा विचार.
आणि रेघ असलेली मिळते का, ते डॉक्टरांना विचार,
सगळ्याच गोळ्या कापायच्या नसतात."
त्यानं मागे वळून पाहिलं, ही कोण बाई.
"आणि मोठा अर्धा सोमवारी," मी म्हटलं.
तो हसला नाही.
खिशातून पेन काढलं,
आणि हाताच्या पालथ्या बाजूवर
लिहून घेतलं.